नाकातली घंटी

दिवाळीत नातू आठ दिवस राहायला आला होता. त्याला सिनेमाचं वेड. रोज रात्री जेवणं झाली की टीव्हीला काहीतरी जोडून तो कुठकुठल्या देशांचे चित्रपट लावायचा आणि मला शेजारी बसवून घ्यायचा. मी आपली भाजी निवडत नाहीतर वाती वळत बसायची. एका रात्री म्हणाला, "आजी, आज दुसऱ्या ग्रहावर जायचं." दुसऱ्या ग्रहावरचा मी पाहिलेला एकच चित्रपट, तोही चंद्राचा: दारासिंगचा 'चाँद पर चढाई', १९६७ सालचा. त्यामुळे मी वाती घेऊनच बसले. अर्ध्या तासाने लक्षात आलं, की वाती तशाच राहिल्यात.

चित्रपटाचं नाव 'किन-द्झा-द्झा!'. रशियन आहे, १९८६ सालचा. मॉसफिल्म या सरकारी कंपनीचा, दोन भागांचा, सव्वादोन तासांचा. दिग्दर्शक गिओर्गी दानेलिया. हे मूळचे जॉर्जियाचे, वाढले मॉस्कोत. हलक्याफुलक्या, पण शेवटी मनाला चुटपुट लावणाऱ्या चित्रपटांसाठी प्रसिद्ध. २०१९ साली ते वारले.

गोष्ट थोडक्यात सांगते. मॉस्कोतला एक बांधकामावरचा सुपरवायझर, व्होवाकाका, संध्याकाळी घरी येतो. बायको त्याला दुकानातून शेवया आणायला पाठवते. रस्त्यात त्याला गेदेवान नावाचा जॉर्जियन विद्यार्थी भेटतो. त्याच्या हातात व्हायोलिन आहे, पण ते त्याचं नाही आणि त्याला वाजवताही येत नाही. तिथे थंडीत एक अनवाणी माणूस उभा आहे आणि आपल्याला आपल्या ग्रहावर परत जायचंय असं तो सांगतोय. आपण अशा माणसाकडे जसं बघू तसंच व्होवाकाका बघतो आणि त्याच्या हातातल्या यंत्राचं बटण दाबून मोकळा होतो. पुढच्या क्षणी दोघेही भर वाळवंटात! ग्रहाचं नाव प्ल्युक.

तुम्हाला वाटेल, आता चकचकीत यानं, अंगावर दिवे लावलेले राक्षस वगैरे येणार. तसलं काही नाही. येतं ते एक गंजलेलं, कुरकुरणारं पिंप. ते उडतं. त्याला 'पेपेलात्स' म्हणतात. नातवाने लगेच शोधून सांगितलं, की जॉर्जियन भाषेत फुलपाखराला 'पेपेला' म्हणतात, त्यावरून हा शब्द. त्यातून फाटक्या कपड्यातले दोन माणसासारखे माणूस उतरतात, ऊएफ आणि बी. दोन्ही बोटं गालावर मारून, हात पसरून, गुडघ्यात वाकून म्हणतात, "कू!"

प्ल्युकची सगळी भाषा या एका शब्दात मावते. प्रत्येक गोष्टीला 'कू'. एक वेगळा शब्द 'क्यू', तो चारचौघांत चालणारी शिवी. आणखी दहाबारा शब्द आहेत, त्यांचा छोटा शब्दकोशही मध्येच पडद्यावर दाखवतात. आयुष्यभर व्याकरण शिकवलेल्या बाईला हे बघून काय वाटलं असेल ते सांगायला नको. पण गंमत म्हणजे या लोकांना एकमेकांच्या मनातलं वाचता येतं. मग इतके शब्द लागतातच कशाला? आणि मनातलं वाचता येत असूनही हे लोक येताजाता एकमेकांना फसवतात.

त्या ग्रहावर सर्वांत मौल्यवान वस्तू म्हणजे काडेपेटीतली काडी. व्होवाकाका सहज काडी ओढतो आणि समोरच्यांचे डोळे पांढरे होतात. तिथे काड्या हेच चलन, नाव 'केत्से'. काड्या जास्त असल्या की विशिष्ट रंगाची विजार घालायचा हक्क मिळतो. अमुक रंगाची असली की समोरच्याने एकदा वाकायचं, तमुक रंगाची असली की दोनदा. आणि सगळ्यांत वरच्या रंगाची असली की पोलीस तुम्हाला रात्री मारू शकत नाही! पोलिसालाही तिथे उलटं नाव आहे, 'एत्सिलोप', म्हणजे 'पोलीस' हा शब्द शेवटाकडून वाचायचा. त्याच्या डोक्यावर नारिंगी दिवा फिरत असतो.

पण मला खरं थांबवलं ते पुढच्या गोष्टीने. प्ल्युकवर दोन प्रकारचे लोक आहेत, चाटलान आणि पात्साक. चाटलान वरचे, पात्साक खालचे. पात्साकांनी नाकात 'त्साक' नावाची छोटी घंटी अडकवायची. गाणं म्हणायचं झालं तर पिंजऱ्यात बसून म्हणायचं. व्होवाकाका साध्या माणसासारखं विचारतो, की तुमच्यात फरक काय? वंशाचा? देशाचा? रक्ताचा? दिसायला तर दोघे सारखेच. उत्तर मिळतं, की एक यंत्र असतं, ते माणसाकडे धरलं की दिवा लागतो. एकाला नारिंगी, दुसऱ्याला हिरवा. संपलं. यंत्राशिवाय कुणालाच फरक कळत नाही, अगदी त्यांचा त्यांनाही नाही. शिवाय हानुद नावाच्या दुसऱ्या ग्रहावर हे सगळं उलटं, तिथे पात्साक वरचे.

नातू हसत होता. मीही हसत होते. मग माझं हसू आटलं. ते का, ते शेवटी सांगते. आधी थोडा इतिहास, कारण सवय जात नाही.

आमच्या पिढीचा रशिया म्हणजे 'सोव्हिएत लँड' मासिकाचा गुळगुळीत कागद. त्याची कव्हरं घातलेल्या वह्या वर्गात निम्म्या असायच्या. त्यातली माणसं नेहमी हसरी आणि गव्हाच्या शेतात उभी. पुढे एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा सोयुझ यानातून गेले, तेव्हा गावातल्या एका टीव्हीपुढे अख्खी शाळा बसली होती. ज्या देशाने आपला माणूस आकाशात नेला, तिथे सगळं झकासच असणार, असं आम्ही मुलांना सांगितलं आणि आम्हीही मानलं.

त्याच सुमारास दानेलिया आणि त्यांचे लेखक मित्र रेझो गाब्रियाद्झे हे गंजलेलं पिंप उडवायच्या खटपटीत होते. (गेदेवानचं काम करणारा मुलगा लेव्हान हा रेझोंचाच मुलगा.) राकेश शर्मा गेले तेव्हा सोव्हिएत देशाचे प्रमुख होते चेर्नेन्को. फेब्रुवारी १९८४ मध्ये ते त्या पदावर आले. त्यांचं पूर्ण नाव कॉन्स्तान्तिन उस्तिनोविच. आता आद्याक्षरं जोडा. रशियनमध्ये क आणि उ, म्हणजे 'कू'! देशाच्या प्रमुखाच्या नावाने पडद्यावर माणसं गालावर बोटं मारून वाकतायत, हे कुणी खपवून घेतलं असतं? दुसरा कुठला शब्द घालावा याचा खल चालू झाला. तेवढ्यात मार्च १९८५ मध्ये चेर्नेन्को वारले, गोर्बाचेव्ह आले आणि 'कू' वाचला. हा किस्सा दानेलियांनीच सांगून ठेवला आहे. विनोदी वाटतो, पण एका अक्षराची भीती वाटावी अशा राज्यात ती माणसं काम करत होती, हे विसरू नये.

नारिंगी आणि हिरव्या दिव्याचं यंत्रही त्यांना आकाशातून सापडलं नव्हतं. सोव्हिएत सरकारने डिसेंबर १९३२ मध्ये देशांतर्गत पासपोर्ट सुरू केला. त्यात माणसाचं 'राष्ट्रीयत्व' लिहिलेलं असे: रशियन, युक्रेनियन, जॉर्जियन, ज्यू असं. नोकरीच्या फॉर्मातही हा रकाना असे, पाचव्या क्रमांकाचा. म्हणून 'पाचवा रकाना' हा तिथल्या बोलीतला शब्दच होऊन बसला. सुरुवातीला माणूस स्वतः सांगेल ते लिहीत. १९३८ पासून आईबापांचं असेल तेच लिहायचं असा नियम झाला. म्हणजे निवडायची सोय गेली, जन्माला आलात तेव्हाच दिवा ठरला. मुळात या नोंदीमागे लहान लहान समाजांना त्यांच्या भाषेतल्या शाळा, त्यांचे अधिकारी मिळावेत असाही हेतू होता. पण पुढे त्याच रकान्याकडे बघून ज्यू मुलांना चांगल्या विद्यापीठांची दारं बंद होऊ लागली. कागदावर कुठेच लिहिलेलं नाही, की यांना घेऊ नका. फक्त दिवा लागायचा. आणि शेतावरच्या लोकांना तर कित्येक वर्षं पासपोर्टच नव्हता. तो सर्वांना द्यायचा निर्णय व्हायला १९७४ साल उजाडलं. रशियाच्या पासपोर्टातून राष्ट्रीयत्वाचा रकाना गेला तो १९९७ मध्ये.

'पात्साक' हा शब्दही असाच. रशियन माणसाला हिणवायला युक्रेनमध्ये 'कात्साप' म्हणतात. तो उलटा केला की 'पात्साक'. म्हणजे साम्राज्यात जो स्वतःला वरचा समजतो, त्याच्याच हिणकस नावाला उलटं करून प्ल्युकवर खालच्या पायरीवर बसवलं. जॉर्जियातून आलेल्या दोघा मित्रांनी हे काही न सांगता, न सवरता केलं. हसता हसता मारलेला चिमटा म्हणतात तो हा.

आणखी एक. प्ल्युकवर समुद्र नाही. सगळ्या पाण्याचं 'लुत्स' नावाचं इंधन करून टाकलंय. प्यायला पाणी हवं तर लुत्सपासून पुन्हा पाणी करायचं. हे ऐकून व्होवाकाका चक्रावतो, आपणही चक्रावतो. पण चित्रीकरण कुठे झालं ते बघा. तुर्कमेनिस्तानातल्या काराकुम वाळवंटात, नेबित-दाग गावाजवळ. या नावाचा अर्थच 'तेलाचा डोंगर'. (१९९९ पासून त्याचं नाव बाल्कनाबात झालं.) याच काराकुममधून १९५४ पासून एक प्रचंड कालवा खोदायला घेतला होता, पुढे तो तेराशे किलोमीटरच्या वर गेला. अमूदर्या नदीचं पाणी त्यातून कापसाकडे वळवलं. आणि नदी ज्या अरल समुद्राला जाऊन मिळायची, तो आटत गेला. १९६० साली अरल हा जगातला चौथ्या क्रमांकाचा मोठा तलाव होता, सुमारे ६८,००० चौरस किलोमीटरचा. २००७ पर्यंत त्याचा जेमतेम दहावा हिस्सा उरला. मुयनाक नावाच्या बंदरात मासेमारीच्या बोटी आज वाळूत गंजत पडल्या आहेत. भूगोलाच्या तासाला आम्ही या कालव्याचं कौतुक शिकवलं होतं. वाळवंटात कापूस फुलवला म्हणून. पाणी आलं कुठून, हा प्रश्न पुस्तकात नव्हता आणि मलाही सुचला नाही.

१९८६ च्या डिसेंबरात चित्रपट लागला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये चेर्नोबिल झालं होतं. पाच वर्षांनी, डिसेंबर १९९१ मध्ये, तो देशच संपला. रशियात लोक अजून गमतीने एकमेकांना 'कू' म्हणतात. दानेलियांनी २०१३ मध्ये याचाच कार्टूनपट केला. पण मूळ चित्रपटातली ती माणसं, विशेषतः ऊएफ झालेले लिओनोव्ह आणि बी झालेले याकोवलेव्ह, त्यांना तोड नाही. इतकी लबाड आणि इतकी लोभस माणसं मी पडद्यावर क्वचितच पाहिली.

आता माझं हसू का आटलं ते.

नाकातली घंटी बघितल्यावर मला पहिल्यांदा आठवलं ते डॉ. आंबेडकरांचं 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट', १९३६ सालचं. पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याला गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधावा लागे, असं त्यात त्यांनी लिहिलं आहे. मी इतिहासही शिकवायची, त्यामुळे हे वर्गात सांगितलेलं आहे. सांगताना आवाज चढायचा, राग यायचा. तो राग खरा होता. पण तो नेहमी दीडदोनशे वर्षांपूर्वीच्या कुणावर तरी असायचा.

चित्रपटाच्या शेवटी व्होवाकाका आणि गेदेवान पृथ्वीवर परत येतात. काळही मागे गेलाय, त्यामुळे काही घडलंच नाही. पुन्हा तीच संध्याकाळ, तोच रस्ता. दोघे एकमेकांना ओळखत नाहीत. एवढ्यात रस्त्यावरून एक ट्रॅक्टर जातो. त्याच्यावर नारिंगी दिवा फिरतोय. आणि दोघेही, काही कळायच्या आत, गालावर बोटं मारतात, हात पसरतात आणि वाकतात. "कू!"

डोकं सगळं विसरलं होतं. गुडघे विसरले नव्हते.

२०२२ साली आमच्या शाळेत १९८७ च्या दहावीच्या मुलांचा मेळावा झाला. मुलं कसली, पन्नाशी ओलांडलेली माणसं. जेवताना एकेक आठवणी निघत होत्या. त्यात एक जण, आता एका सरकारी खात्यात बऱ्यापैकी मोठा अधिकारी, हसत हसत म्हणाला, "बाई, मला अजून एक खोड आहे. केबिनमध्ये कुणी हातात लांबट रजिस्टर घेऊन आलं, की माझे पाय आपोआप उभे राहायला लागतात." सगळे हसले. मीही हसले. मला वाटलं, शाळेची शिस्त!

ती शिस्त नव्हती. दरवर्षी पाऊस सुरू झाला की ऑफिसातून शिपाई ते लांबट रजिस्टर घेऊन वर्गात यायचा. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे असायचे. हजेरीपटात नावापुढे प्रवर्गाची खूण असायचीच. मी शिकवणं थांबवायची आणि म्हणायची, "बी.सी.च्या मुलांनी उभं राहा." साठातली दहाबारा मुलं उभी राहायची. मी नाव वाचायची, जात वाचायची, "दाखला आणलास का?" विचारायची. बाकीची पन्नास मुलं मान वळवून बघायची. पहिल्या आठवड्यापर्यंत ज्यांना एकमेकांत काही फरक माहीत नव्हता, त्यांना तो माहीत व्हायचा. तो दिवा माझ्या हातात होता.

माझ्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. मुलांना पैसे मिळावेत म्हणूनच ते चाललं होतं. एकेका फॉर्मासाठी मी त्यांच्या घरी गेले आहे, तलाठ्याशी भांडले आहे. रकाना मुळात वाईट नसतो, हेही मला आता कळतं. रशियाच्या पाचव्या रकान्यात देण्यातून नाकारणं आलं. आपल्याकडे नाकारलेल्यांना द्यायला रकाना आला. त्या शिष्यवृत्तीवर कित्येक घरं उभी राहिली, आणि ती बंद करा म्हणणाऱ्यांशी माझं मुळीच पटत नाही. पण यादी ऑफिसात वाचता आली असती. मधल्या सुट्टीत एकेकाला बोलावून विचारता आलं असतं. पाच मिनिटं जास्त गेली असती, एवढंच. मला ते सुचलं नाही, कारण माझ्या आधीच्या सगळ्यांनी तसंच केलं होतं आणि मला कधीच उभं राहावं लागलं नव्हतं.

नातू झोपला. मला काही झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी त्या मुलाचा नंबर शोधला आणि फोन केला. आधी त्याला वाटलं, बाईंची तब्येत बिघडली. मी त्याला प्ल्युक ग्रह, घंटी, ट्रॅक्टर सगळं सांगितलं. मग म्हटलं, "मी तुम्हाला वर्गात उभं करायची, ते चुकलं."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाई, फॉर्म पण तुम्हीच भरून द्यायचात. वडिलांना सही येत नव्हती, तर अंगठा घ्यायला घरी आला होतात. तेही आठवतं." मला जरा बरं वाटलं. तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "पण खरं सांगू का? पाचवीत माझा जो शेजारी होता ना, तो त्या दिवसानंतर डबा खायला माझ्याजवळ बसला नाही. त्याला आधी माहीत नव्हतं."

याला उत्तर नव्हतं. मी दिलंही नाही. इतकी वर्षं शाळेत घालवली, पण काही वेळा गप्प राहणं हेच बरोबर असतं, हे उशिरा शिकले.

मग आम्ही इकडचं तिकडचं बोललो. त्याची मुलगी काय शिकते, माझे गुडघे कसे आहेत. चित्रपटाचं नाव त्याने लिहून घेतलं. मॉसफिल्मने तो यूट्यूबवर ठेवला आहे, खाली इंग्रजी अक्षरं येतात, तुम्हीही जरूर पाहा. शेवटी तो म्हणाला, "बाई, ठेवतो आता. शिपाई दारात आलाय, रजिस्टर घेऊन." आणि क्षणभर थांबून म्हणाला, "बसूनच सही करतो."